कॉन्टॅक्ट लेन्स, परवाना आणि खोक्यावरचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉन्टॅक्ट लेन्स भारतात कोणत्या कायद्याखाली येते?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७. हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, पण सुरुवातीला त्यांची सत्ता सरकारने नावानिशी अधिसूचित केलेल्या मोजक्या उपकरणांपुरतीच होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत बसवतात ती लेन्स २००५ पासूनच यादीत होती. डोळ्यावर ठेवायची लेन्स मात्र बाहेर राहिली होती. ११ फेब्रुवारी २०२०च्या अधिसूचनेने यादीची पद्धतच मागे टाकली आणि व्याख्येत बसणारं प्रत्येक वैद्यकीय उपकरण १ एप्रिल २०२० पासून कायद्याच्या भाषेत ‘औषध’ झालं. जोखमीप्रमाणे उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत, डी सर्वांत जोखमीचा. परवान्याची सक्ती त्यानुसार टप्प्याटप्प्याने आली: ए आणि बी वर्गाला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून.

दुकानदार अजूनही ‘हे काय औषध आहे का?’ म्हणून हात झटकतात. उत्तर: हो, कायद्यापुरतं आहे.

साधा प्लॅस्टिकचा पापुद्रा. एवढे नियम कशाला?

बुबुळाच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, याला रक्तवाहिन्या नाहीत. जागेपणी तो बराचसा ऑक्सिजन अश्रूंमधून, थेट हवेतून घेतो. लेन्स घातली की मध्ये अडसर येतो. किती अडसर, हे लेन्सचं द्रव्य आणि जाडी यावर ठरतं. ऑक्सिजन कमी पडला की कॉर्निया सुजतो, वरच्या थरातल्या पेशी कमकुवत होतात, आणि एरवी डोळ्याला काही न करणारे जिवाणू आत शिरतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कडेने नव्या रक्तवाहिन्या उगवू लागतात.

शिवाय लेन्सची मापं बारीक असतात. मऊ लेन्ससाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात वक्रतेला आणि व्यासाला फक्त ०.२० मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, आणि नंबरात, दहापर्यंतच्या नंबरांना, पाव डायॉप्टर (डायॉप्टर म्हणजे नंबराचं एकक). लेन्स घट्ट बसली तर खालचे अश्रू बदलत नाहीत, सैल बसली तर प्रत्येक उघडझापीला घसरते. वरून ती निर्जंतुक हवी, रंग विरघळून बाहेर येता कामा नये, आणि पाकिटात काही वर्षं ठेवूनही माप बदलता कामा नये. यातली एकही गोष्ट गिऱ्हाइकाला हातात घेऊन तपासता येत नाही.

ती कोणत्या वर्गात मोडते?

वर्ग ठरतो उपकरण शरीरात कुठे आणि सलग किती वेळ राहतं यावर. नियमांच्या पहिल्या परिशिष्टात नेत्रगोलाचा बाहेरचा पृष्ठभागही शरीराच्या नैसर्गिक छिद्रांमध्येच धरला आहे. वाचायला विचित्र वाटतं, पण त्यामुळेच लेन्स या गणितात बसते. साठ मिनिटांपेक्षा कमी वापर म्हणजे क्षणिक, साठ मिनिटं ते तीस दिवस म्हणजे अल्पकालीन, त्यापुढे दीर्घकालीन. सकाळी घालून रात्री काढायची लेन्स या हिशेबाने अल्पकालीन, म्हणजे बी वर्गाकडे जाते. सलग अनेक रात्री डोळ्यात ठेवण्यासाठी बनवलेली लेन्स वरच्या पायरीकडे सरकते. इथे एक गोंधळ नेहमी होतो. ‘मंथली’ लेन्स म्हणजे महिनाभर न काढता घालायची लेन्स नव्हे. रोज काढून सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्सच्या जंतुनाशक द्रवात, ठेवायची आणि महिन्याने फेकायची, ती मंथली.

अमेरिकेत हीच रेघ आणखी ठळक आहे. रोज काढायची मऊ लेन्स दुसऱ्या वर्गात, झोपेत ठेवायची तिसऱ्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात. युरोपात अल्पकालीन वापराची लेन्स ‘२ए’ आणि सलग दीर्घकाळ वापरायची ‘२बी’.

परवाना कोण देतं?

आयात कोणत्याही वर्गाची असो, परवाना केंद्राचा: केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ. अर्ज एमडी-१४ नमुन्यात, परवाना एमडी-१५ नमुन्यात. देशात बनवायची असेल तर ए आणि बी वर्गाला राज्याचा परवाना (एमडी-५), सी आणि डी वर्गाला केंद्राचा (एमडी-९). परवान्याला ठरावीक मुदत नाही, पण दर पाच वर्षांनी तो चालू ठेवण्याचं शुल्क भरावं लागतं, नाहीतर तो संपतो.

परदेशी कारखान्याला इथे थेट अर्ज करता येत नाही. भारतातला अधिकृत प्रतिनिधी लागतो, आणि पुढे माल परत मागवायची वेळ आली तर पकडायचं ते त्यालाच. म्हणून खोक्यावर आयातदाराचं नाव नसेल तर ती नुसती छपाईची चूक समजू नका.

खोक्यावर नेमकं काय बघायचं?

आधी कायद्याचं. आयात केलेल्या लेन्सच्या खोक्यावर, बहुधा मागून चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर, आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांक असतो. क्रमांकाची सुरुवात ‘आयएमपी/एमडी’ अशी, पुढे वर्ष आणि आकडे. देशी मालावर त्याच जागी उत्पादन परवाना क्रमांक. स्टिकर लावलेला आहे म्हणून माल संशयास्पद ठरत नाही, भारतासाठीचा मजकूर असा चिकटवायला नियमांनी मुभा दिली आहे. संशय घ्यायचा तो स्टिकर नसेल तेव्हा, किंवा स्टिकरखाली मूळ मुदत झाकली असेल तेव्हा. नखाने कोपरा उचलून बघायला हरकत नाही.

मग चिन्हं. वाळूचं घड्याळ म्हणजे मुदत. कारखान्याचं छोटं चित्र म्हणजे मूळ उत्पादक. ‘लॉट’ शब्दापुढचा आकडा म्हणजे बॅच. फुली मारलेला दोनचा आकडा म्हणजे एकदाच वापरायची. ‘स्टेराइल’ची चौकट हवीच. खोक्यावरची बॅच आणि आतल्या प्रत्येक पाकिटाच्या फॉइलवरची बॅच जुळली पाहिजे. जुळत नसेल तर वेगवेगळ्या खोक्यांतली पाकिटं एकत्र भरली आहेत, तो खोका परत करा.

शेवटी मापं. ‘बीसी’ म्हणजे आतल्या बाजूची वक्रता, मऊ लेन्समध्ये साधारण ८.३ ते ९.०. ‘डीआयए’ म्हणजे व्यास, बहुधा १३.८ ते १४.५ मिलिमीटर. ‘पीडब्ल्यूआर’ किंवा ‘डी’ म्हणजे नंबर. सिलिंड्रिकल नंबर असेल तर ‘सीवायएल’ आणि ‘अ‍ॅक्सिस’ही असतात. हे सगळे आकडे तुमच्या लेन्सच्या चिठ्ठीशी ताडून बघा. चष्म्याच्या चिठ्ठीशी ताडू नका, त्याचं कारण पुढे येतं.

वर्षभर वापरायच्या लेन्स अजून काचेच्या कुपीत येतात. कुपीच्या ॲल्युमिनियमच्या झाकणाला ओरखडा असेल किंवा रबरी बूच सैल असेल तर मुदत बाकी असूनही ती घेऊ नका. निर्जंतुकपणा टिकतो तो त्या बुचामुळे.

खोक्यावर सीई आहे. पुरेसं आहे का?

भारतात विकायला नाही. सीई हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह आहे. त्याने आयात परवान्याची गरज सुटत नाही. पण परीक्षा म्हणून ते चिन्ह कामाचं आहे. युरोपात कॉन्टॅक्ट लेन्सला त्रयस्थ संस्थेची तपासणी लागते, म्हणून सीईशेजारी त्या संस्थेचा चार आकडी क्रमांक छापावा लागतो. नुसतं सीई आणि पुढे काहीच नाही, असा खोका दिसला तर छापणाऱ्याला नियम ठाऊक नव्हता एवढं नक्की.

‘एफडीए अप्रूव्ह्ड’ लिहिलंय त्याचं काय?

कोणती एफडीए? महाराष्ट्रात एफडीए म्हटलं की अन्न व औषध प्रशासन, आणि जाहिरातीत बहुधा अमेरिकेची एफडीए अभिप्रेत असते. अमेरिकेच्या एफडीएकडे कारखान्याची नोंदणी असणं म्हणजे मालाला मान्यता नव्हे. नोंदणीचं प्रमाणपत्र ती एफडीए देतच नाही. त्यामुळे सोनेरी किनारीचं, गरुडाचं चित्र असलेलं ‘एफडीए सर्टिफिकेट’ विक्रेत्याने दाखवलं तर ते कुठल्या तरी खासगी मध्यस्थाने छापलेलं आहे. इथल्या गिऱ्हाइकाने बघायचा तो आयात परवाना क्रमांक.

शून्य नंबरच्या रंगीत लेन्सलाही हे लागू आहे का? त्या तर फक्त दिसण्यासाठी.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि घोळही इथेच सगळ्यात जास्त आहे.

अमेरिकेत रंगीत लेन्स ही सौंदर्यप्रसाधन की उपकरण, यावर काही वर्षं वाद चालला. हॅलोविनच्या आधी पेट्रोल पंपावर, जुन्या बाजारात, सलूनमध्ये त्या विकल्या जात. ९ नोव्हेंबर २००५ ला कायदा करून तो वाद मिटवला गेला: कोणतीही कॉन्टॅक्ट लेन्स, नंबर असो वा नसो, उपकरणच. म्हणजे शून्य नंबरलाही प्रिस्क्रिप्शन. ब्रिटनमध्येही २००५च्या दुरुस्तीनंतर शून्य नंबरची लेन्स विकायला नोंदणीकृत नेत्रव्यावसायिकाची देखरेख लागते. युरोपीय संघाने आणखी वेगळी वाट धरली. २०१७च्या उपकरण नियमावलीला सोळावं परिशिष्ट जोडलं, ‘वैद्यकीय हेतू नसलेली, पण जोखीम तशीच असलेली’ उत्पादनं त्यात घातली, आणि त्या यादीत पहिलाच मान कॉन्टॅक्ट लेन्सला दिला. ती तरतूद २२ जून २०२३ पासून लागू आहे.

भारतीय नियमांत शून्य नंबरसाठी असं वेगळं, नाव घेऊन केलेलं कलम नाही. व्याख्या हेतूवर बेतलेली आहे, आणि ‘आमची लेन्स नुसती फॅशनची’ म्हणणारे विक्रेते नेमकी तीच फट धरतात. आमचं मत स्पष्ट आहे: परवाना क्रमांक नसलेली रंगीत लेन्स घेऊ नये, मग ती दोनशे रुपयांची असो वा दोन हजारांची. डोळ्याला नंबर कळत नाही, लेन्स कळते. उलट शून्य नंबरवाल्याला धोका जास्तच असतो, कारण तो कधी डोळे मोजायला गेलेला नसतो. वक्रता माहीत नाही, घालायची-काढायची रीत कोणी शिकवलेली नाही, डबी आणि सोल्युशन घरात नाही.

रंगाबद्दल एक बारकावा. चांगल्या लेन्समध्ये रंगाचे ठिपके द्रव्याच्या दोन थरांत बंद केलेले असतात. स्वस्त मालात ते पृष्ठभागावरच छापलेले असतात. मग तो भाग खरखरीत राहतो, पापणीला आणि कॉर्नियाला घासतो, आणि जंतूंना बसायला जागा मिळते. ओल्या इअरबडने हलकं पुसल्यावर कापसाला रंग लागला तर ती लेन्स कचऱ्यातच टाकायची. रंग न लागणं मात्र चांगल्या मालाचा पुरावा नव्हे.

लग्नात मेकअपवाली ताई स्वतःकडच्या लेन्स घालते. चालेल का?

नाही. आधीच्या नवरीच्या डोळ्यातली लेन्स सोल्युशनमध्ये बुडवून ठेवली तरी दुसऱ्याच्या डोळ्यासाठी ती निर्जंतुक होत नाही. हवीच असेल तर पंधरा दिवस आधी डोळे तपासून स्वतःची डेली (एक दिवस घालून फेकायची) लेन्स घ्या, दोन जोड जास्तीच्या, आणि घरी दोन-तीनदा घालून बघा. क्रमही पाळा: लेन्स आधी, मेकअप नंतर. रात्री लेन्स आधी काढायची, मग चेहरा धुवायचा. पार्लरने लेन्स विकायच्या ठरवल्या तर विक्रीची नोंदणी त्यालाही लागते.

चष्म्याचा नंबर टाकून ऑनलाइन मागवली तर?

दोन कारणांनी फसते. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यालाच टेकते. नंबर लहान असेपर्यंत फरक पडत नाही, चारच्या पुढे पडतो. चष्मा उणे ६.०० असेल तर हिशेब उणे ५.६० च्या आसपास येतो आणि लेन्स बहुधा उणे ५.५० ची लागते. अधिक ६.०० चा चष्मा असेल तर उलट होतं, लेन्स अधिक ६.५० ची. चष्म्याचाच आकडा टाकला तर उणे नंबरवाल्याला जास्त ताकदीची लेन्स मिळते, दिसतं झकास, आणि संध्याकाळी डोकं धरतं.

दुसरं कारण, वक्रता आणि व्यास चष्म्याच्या चिठ्ठीवर नसतातच. आणि ८.६ ची एका कंपनीची लेन्स आणि ८.६ ची दुसऱ्या कंपनीची लेन्स डोळ्यावर एकसारखी बसते असंही नाही, कारण द्रव्याचा ताठपणा वेगळा असतो. म्हणून लेन्सच्या चिठ्ठीवर कंपनी आणि मॉडेलचं नावही हवं. ते तपासणाऱ्याकडून मागून घ्या.

भारतात लेन्ससाठी प्रिस्क्रिप्शन सक्तीचं आहे का?

अमेरिकेसारखी, विक्रेत्याने तपासणाऱ्याकडून चिठ्ठीची खात्री करून घेण्याची सक्ती आपल्याकडे नाही. उपकरणावर कायदा आहे, फिटिंगवर त्या मानाने ढिलाई. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ मध्ये ऑप्टोमेट्रिस्टचा, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्या व्यावसायिकाचा, समावेश झाला आहे, त्यामुळे तपासणारा कोण आणि शिकलेला किती, हे हळूहळू तरी नोंदीत येईल. तोवर ही जबाबदारी गिऱ्हाइकाच्या गळ्यात आहे.

दुकानात ‘ट्रायल’ म्हणून जी लेन्स घालून दाखवतात ती?

सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. एकाच्या डोळ्यातून काढलेली मऊ ट्रायल लेन्स दुसऱ्याच्या डोळ्यात घालणं कधीच योग्य नाही. घातल्यावर लगेच ‘दिसतंय का?’ विचारून मोकळं करणारं दुकान टाळा. दहा-पंधरा मिनिटं लेन्स स्थिरावू द्यायची, मग स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघायचं की उघडझाप केल्यावर ती थोडीशी हलते का. अजिबात हलत नसेल तर घट्ट आहे. घट्ट लेन्स पहिल्या दिवशी सगळ्यात आरामशीर वाटते, आणि लोक तीच निवडतात.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. आम्हाला काय लागेल?

औषधविक्रीचा परवाना नसेल तर एमडी-४२ नमुन्यातलं नोंदणी प्रमाणपत्र. ही तरतूद ३० सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आली. अर्ज एमडी-४१ मध्ये, राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याकडे: महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, गोव्यात अन्न व औषध प्रशासन संचालनालय. एक सक्षम माणूस दाखवावा लागतो: पदवीधर, किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा बारावी पास आणि उपकरणांच्या विक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला. घरात कामाला असलेल्या मुलाच्या नावावर हे खपत नाही, त्याची कागदपत्रं जोडावी लागतात.

मग रोजचं काम. माल फक्त परवानाधारक उत्पादक, आयातदार किंवा नोंदणीकृत घाऊक विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिलावर बॅच क्रमांक लिहून घ्या. अडतं ते इथेच: बिल ‘लेन्स, ४० नग’ एवढंच असतं, आणि कंपनीने बॅच परत मागवली की कोणता खोका कोणाला गेला ते कळत नाही. साठवणीचं तापमान खोक्यावर छापलेलं असतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या माळ्यावर ठेवलेला साठा ते तापमान सहज ओलांडतो. मुदत संपलेला माल वेगळ्या, नाव लिहिलेल्या खोक्यात ठेवा. विक्रीच्या कपाटात एक जरी सापडला तरी औषध निरीक्षक तो विक्रीसाठीच धरतो.

परवान्याशिवाय विक्री हा कायद्याच्या कलम २७ खालचा गुन्हा आहे, आणि त्याला दंडाबरोबर तुरुंगवासही आहे.

सोल्युशनही उपकरणच आहे?

हो, आणि जगभरातले दोन मोठे घोटाळे लेन्समुळे नाही, सोल्युशनमुळे झाले आहेत.

२००६ मध्ये फ्युझेरियम नावाच्या बुरशीने डोळ्यांत जखमा झाल्याचे रुग्ण सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत अचानक वाढले. अमेरिकेत १६४ रुग्ण निश्चित झाले आणि त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना कॉर्नियाचं प्रत्यारोपण करावं लागलं किंवा ते ठरलं. धागा बॉश अँड लॉम्बच्या ‘रेन्यू विथ मॉइश्चरलॉक’ या सोल्युशनकडे गेला आणि मे २००६ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. बाटल्यांत बुरशी नव्हती. सोल्युशन प्रयोगशाळेच्या परीक्षेत पासही झालं होतं. पण लोक डबीतलं जुनं सोल्युशन न फेकता वर थोडं नवं ओतत, डबी उघडी ठेवत, आणि त्या वापरात जंतुनाशक अपुरं पडलं. उष्णतेत साठवलेल्या बाटलीत त्याची ताकद घटते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

पुढच्याच वर्षी, मे २००७ मध्ये, एएमओ कंपनीचं ‘कम्प्लीट मॉइश्चरप्लस’ परत मागवलं गेलं. तिथे शत्रू होता अकँथअमीबा, पाण्यात आणि मातीत राहणारा एकपेशीय जीव. सोल्युशनच्या नेहमीच्या परीक्षेत तीन जिवाणू आणि दोन बुरशी असतात: जिवाणू हजारपटीने आणि बुरशी दहापटीने कमी झाली की पास. अमीबा त्या पाचांत नव्हताच. त्याच्यासाठी वेगळी चाचणी पद्धत नंतर ठरली.

म्हणून घरात नियम असा: डबी रोज रिकामी करा, सोल्युशनने खंगाळा, उलटी ठेवून वाळवा, तीन महिन्यांनी बदला. लेन्स तळहातावर घेऊन बोटाने प्रत्येक बाजू चोळा, मग धुवा. बाटलीवर ‘नो रब’ लिहिलं असेल तरी चोळा. उघडलेली बाटली किती दिवस चालते ते लेबलवर असतं, बहुतेकांवर ९० दिवसांच्या आसपास. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहा. आणि सलाइन म्हणजे सोल्युशन नव्हे. त्यात जंतू मारणारं काहीच नसतं.

लाल टोकाच्या बाटलीतलं सोल्युशन डोळ्यात गेलं, आग झाली. बाटली खराब होती का?

नाही, ती ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची आहे आणि तिचं काम तसंच चालतं. तिच्यासोबत येणाऱ्या उभ्या डबीत एक चकती असते, ती सुमारे सहा तासांत पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करते. साध्या डबीत ओतलं तर काहीच निष्प्रभ होत नाही. चकती प्रत्येक नव्या बाटलीबरोबर बदलायची. चुकून डोळ्यात गेलं तर लेन्स काढा, भरपूर सलाइनने, ते नसेल तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एखाद्या रात्री लेन्स घालूनच झोप लागली तर?

१९८९ च्या एका गाजलेल्या अमेरिकन अभ्यासात, कॉर्नियाला जंतुसंसर्गाचं प्रमाण रोज काढणाऱ्या मऊ लेन्सवाल्यांत दर दहा हजारी वर्षाला सुमारे ४, आणि रात्रभर ठेवणाऱ्यांत सुमारे २१ निघालं. १९९९ पासून सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बाजारात आल्या, ऑक्सिजन कितीतरी पटीने वाढला, पण झोपेतला धोका त्यामुळे पुसला गेला नाही. उठल्यावर लेन्स ओढून काढू नका. ओलावा देणारे थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, लेन्स हलू लागली की काढा, आणि तो दिवस चष्म्यावर काढा.

पोहणं, पाऊस, रंगपंचमी?

नळ, बोअरवेल, विहीर, टाकी: कोणतंही पाणी लेन्सला लागू नये. रंगपंचमीला लेन्स नकोच. कोरड्या रंगाचा कण लेन्सखाली अडकला तर धुऊनही निघत नाही.

मुदत २०२८ आहे, मग महिन्याने का फेकायची?

छापलेली मुदत बंद पाकिटाची आहे. पाकीट फोडलं की दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते कॅलेंडरने चालतं. महिन्यात चार वेळाच घातली तरी तीस दिवसांनी ती गेली.

किंमत कंपनी मनाला येईल तशी वाढवू शकते का?

उपकरणं ‘औषध’ झाल्यापासून छापील किमतीवर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाची नजर असते. बारा महिन्यांत छापील किंमत १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. फिटिंगची फी मात्र यात येत नाही.

मुलगा अमेरिकेला शिकायला चाललाय. इथूनच लेन्स पाठवत राहू का?

जाताना वर्षभराचा साठा, मूळ खोक्यांत, स्वतःच्या सामानात द्यावा. तिथे विकत घ्यायची तर त्या राज्याच्या कायद्याने चिठ्ठी देण्याचा अधिकार असलेल्या व्यावसायिकाचीच चिठ्ठी लागते, इथली चालेल असं धरू नका. तिथला विक्रेता चिठ्ठीची खात्री करायला तपासणाऱ्याला कळवतो, आणि कामकाजाच्या आठ तासांत उत्तर आलं नाही तर खात्री झाली असं धरलं जातं. तपासणी संपली की चिठ्ठीची प्रत न मागता हातात देणं तिथे बंधनकारक आहे, आणि ती साधारणपणे किमान वर्षभर चालते.

उलट दिशेने, परदेशातून स्वतःच्या वापरापुरत्या लेन्स सामानातून आणता येतात. कुरियरने थोड्या मागवायच्या तर वैयक्तिक वापराच्या परवानगीसाठी एमडी-२० चा अर्ज असतो.

डोळा लाल झाला. तक्रार कुठे करायची?

आधी लेन्स काढा. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं यांतलं काही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. घरातले स्टेरॉइडचे थेंब टाकू नका, बुरशी किंवा अमीबा असेल तर ते आगीत तेल ओततात. लेन्स फेकू नका: ती डबीत तशीच ठेवा आणि डबी, सोल्युशनची बाटली, पाकिटाची फॉइल व खोका दवाखान्यात न्या. डॉक्टरांना नमुना घेता येतो, आणि बॅच क्रमांक असेल तरच तक्रारीला धार येते.

उपकरणाने झालेला त्रास भारतीय औषधसंहिता आयोगाच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे कळवता येतो. तो २०१५ पासून गाझियाबादहून चालतो, मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. कळवायला रुग्ण स्वतः चालतो, डॉक्टरच हवा असं नाही. बिनपरवाना किंवा बनावट मालाची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ वर किंवा जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे लेखी करा. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीला बिल, खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो आणि ऑनलाइन घेतली असेल तर विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉट आधी काढा, तक्रार गेल्यावर ती पानं गायब होतात.